लेक टाहो: पाणी गढूळ कशाने होतं आणि गाळ कुठे अडवतात

घाटमाथा

सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली मराठी मंडळी उन्हाळ्यात पोहायला आणि हिवाळ्यात बर्फात खेळायला लेक टाहोला जातात. फोटोत निळं पाणी येतं, ते निळं ठेवणारी यंत्रणा येत नाही. तिच्यासाठी हा धागा. तांत्रिक तपशील हवेत, प्रवासवर्णनं दुसरीकडे भरपूर आहेत.

(नावाबद्दल एकदाच. वाशो लोकांच्या भाषेत तलावाला जो शब्द आहे त्याचा अपभ्रंश म्हणजे टाहो. म्हणजे 'लेक टाहो' हे 'तलाव तलाव' झालं. आपल्या टाहो फोडण्याशी त्याचा संबंध नाही. तिथल्या तलावप्रेमींनी १९५७ पासून संघटना काढून जो फोडला, तो वेगळा.)

आधी भूगोल. तलाव समुद्रसपाटीपासून सुमारे १,८९७ मीटर उंचीवर, कॅलिफोर्निया आणि नेवाडाच्या सीमेवर आहे. क्षेत्र ४९६ चौ. किमी., सर्वांत खोल जागा ५०१ मीटर, सरासरी खोली ३०० मीटरच्या आसपास. पाणलोटातली जमीन फक्त ८१२ चौ. किमी., तलावाच्या दुपटीलाही कमी. एवढ्या खोल भांड्याला एवढीशी जमीन, म्हणून मुळात पाणी इतकं नितळ. ६३ ओढे आत येतात आणि बाहेर जाणारी नदी एकच, ट्रकी. तीही समुद्राला न मिळता नेवाडातल्या पिरॅमिड लेकमध्ये संपते. पाणी तलावात सरासरी ६५० वर्षं राहतं, असा हिशेब आहे. एकदा आत गेलेली घाण आपल्या हयातीत वाहून जाणार नाही.

पाण्याची पारदर्शकता, म्हणजे पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी किती मीटर खोलवर दिसते ते, १९६८ पासून सलग मोजली जाते. त्या वर्षीची सरासरी ३१.२ मीटर. २०१७ मध्ये ती १८.२ वर आली, तोवरचा नीचांक. २०२३ मध्ये २०.८.

गोम अशी की पहिला उपाय लवकर झाला आणि चोख झाला. साठ-सत्तरच्या दशकांत खोऱ्यातलं सगळं सांडपाणी नळाने खोऱ्याबाहेर काढलं. सेप्टिक टाक्याही बंद केल्या. प्रक्रिया केलेलं पाणीसुद्धा तलावात सोडत नाहीत. तरी पुढची तीसेक वर्षं पारदर्शकता दरवर्षी साधारण पाव मीटरने उतरत राहिली. मग दोषी कोण? जाणकारांनी लिहावं.

---

गाळकरी

दोषी बारीक माती. सांडपाणी बाहेर काढलं नसतं तर शेवाळाने तलाव कधीच हिरवा झाला असता, त्यामुळे तो खर्च फुकट गेला असं कोणी समजू नये. पण नव्वदच्या दशकानंतर प्रकाश कशाने अडतो हे नीट तपासलं, तेव्हा शेवाळापेक्षा अजैविक कणांचा वाटा मोठा निघाला. कण कसले, तर १६ मायक्रॉनपेक्षा लहान (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). त्यातही ५ मायक्रॉनच्या आतले खरे उपद्रवी.

का, ते स्टोक्सच्या सूत्राने (कण पाण्यात किती वेगाने खाली बसतो ते यातून निघतं) घरबसल्या काढता येतं. घनता वाळूच्या कणाची, पाणी ५ अंश सेल्सिअसचं, आणि एकदम स्थिर असं धरा. १६ मायक्रॉनचा कण दिवसाला १३-१४ मीटर खाली जातो, ३०० मीटरचा तळ तीनेक आठवड्यांत गाठतो. १ मायक्रॉनचा कण दिवसाला जेमतेम ५ सेंटिमीटर. त्याला तोच प्रवास करायला सोळा वर्षं. प्रत्यक्षात कण एकमेकांना चिकटतात, प्राणिप्लवक (पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी) ते गिळतात, त्यामुळे थोडे लवकर उतरतात. पण वजनात मोजलं तर हा गाळ किरकोळ दिसतो आणि संख्येत मोजलं तर भयंकर. म्हणूनच तिथे हिशेब किलोत ठेवत नाहीत, कणांच्या संख्येत ठेवतात.

२०११ मध्ये मंजूर झालेल्या प्रदूषणभार-आराखड्यात या कणांचे स्रोत मांडले आहेत. सुमारे ७२ टक्के वस्तीच्या भागातून येतात, म्हणजे रस्ते, पार्किंग, घरांची अंगणं. जंगलाचा वाटा १० टक्क्यांच्या आत. जमिनीचं प्रमाण नेमकं उलट, बहुतांश खोरं जंगल आहे. नायट्रोजन मात्र निम्म्याहून जास्त हवेतून उतरतो, त्यात गाड्यांचा धूर आलाच.

---

रानवाट

मग रस्त्यांवर वाळू टाकणं बंद का करत नाहीत? हिवाळ्यात तिथल्या घाटात टायरखाली सगळी वाळूच असते.

---

गाळकरी

@रानवाट, बंद करता येत नाही. बर्फावर गाड्या घसरतात, माणसं मरतात. प्रश्न वाळू कुठली, किती आणि उचलता कधी, हा आहे.

टाकताना वाळूचा दाणा जाड असतो, तो तलावाला फार त्रास देत नाही. टायर आणि साखळ्या त्याला जात्यासारख्या दळतात. महिनाभर रस्त्यावर राहिलेली वाळू म्हणजे पीठ. त्यामुळे (१) दाणा कठीण आणि धुतलेला घ्यायचा, मऊ ज्वालामुखी खडी नको. (२) वादळाआधी मिठाचं पाणी फवारायचं, म्हणजे बर्फ डांबराला घट्ट चिकटत नाही आणि वाळू कमी लागते. मिठाचा अतिरेक केला तर कडेची पाइनची झाडं वाळतात, तेव्हा इथेही हात आखडता. (३) वादळ सरून रस्ता कोरडा पडला की लगेच झाडायचा, वसंताची वाट पाहायची नाही.

झाडण्याच्या यंत्रातही फरक आहे. फिरत्या ब्रशचं जुनं यंत्र खडी आणि पानं उचलतं, पीठ तिथेच पसरवतं. रस्ता स्वच्छ दिसतो आणि पुढच्या सरीला सगळं गटारात. हवेचा झोत मारून ओढून घेणारं यंत्र बारीक कण उचलतं, पण रस्ता ओला असेल तर तेही हरतं. ओला थर डांबराच्या खाचांत चिकटून बसतो.

---

दोनतीर

दोन राज्यांची भानगड कशी सोडवली, तेही इथे यायला हवं, कारण आपल्याकडे दोन ग्रामपंचायतींचं एका ओढ्यावर जमत नाही.

१९६९ मध्ये कॅलिफोर्निया आणि नेवाडाने करार केला, अमेरिकी काँग्रेसने त्याला मान्यता दिली आणि टाहोसाठी एक प्रादेशिक नियोजन संस्था उभी राहिली. १९८० मध्ये करार कडक केला. या संस्थेच्या परवानगीशिवाय खोऱ्यात घराला पडवीसुद्धा काढता येत नाही. १९७४ मध्ये खोऱ्यातल्या जमिनीचे उतार, माती आणि धूप पाहून वर्ग पाडले. सर्वांत नाजूक वर्गातल्या भूखंडावर फक्त १ टक्का जागा पक्क्या बांधकामाने झाकता येते, सर्वांत चांगल्या वर्गात ३० टक्के. छप्पर, फरसबंदी, गाडीरस्ता सगळं त्यात धरलं जातं. नाजूक जमिनीच्या मालकाला आपला बांधकामहक्क चांगल्या जमिनीवर हलवता येतो. कज्जे झाले, सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले.

आता पालिका आणि काउंट्यांना गाळाची खातेवही दिली आहे. १ क्रेडिट म्हणजे १६ मायक्रॉनखालचे १×१०^१६ कण अडवले. रस्ता झाडा, तळं बांधा, चर खणा, मॉडेलने क्रेडिट काढा. पण नुसतं बांधून मिळत नाही. दरवर्षी तपासणी होते आणि तळं गाळाने भरलेलं आढळलं की क्रेडिट कापलं जातं. ही एक अट मला सगळ्या आराखड्यात सर्वांत शहाणी वाटते. पहिल्या १५ वर्षांत कण ३२ टक्के घटवून पारदर्शकता २४ मीटर, आणि ६५ वर्षांत ६५ टक्के घटवून २९.७ मीटर, असं वेळापत्रक. पासष्ट वर्षं! कागदावर एवढी लांब मुदत लिहायला धैर्य लागतं.

---

खडीवाला

घरापुरतं काय करावं लागतं ते सांगतो. तिथे कॅबिन घेणाऱ्यांना हे कायद्याने बंधनकारक आहे आणि विकत घेताना बरेच जण हे काम झाल्याचा दाखला बघत नाहीत.

तत्त्व एकच: आपल्या हद्दीत पडलेलं पाणी आपल्याच हद्दीत मुरवायचं. मापदंड तासाला १ इंच पाऊस, साधारण २० वर्षांतून एकदा येणारी तासाभराची सर.

टाहोच्या घरांना पन्हळी कमी, बर्फ त्या मोडतो. पागोळ्या थेट जमिनीवर पडतात आणि माती उडते. म्हणून पागोळ्यांच्या रेषेखाली खडीचा चर. हिशेब करू. छपराची एक बाजू १० मीटर लांब, ५ मीटर रुंद, म्हणजे ५० चौ. मी. त्यावर २५.४ मिमी म्हणजे १.२७ घनमीटर पाणी. खडीत पोकळी ४० टक्के धरली तर चर ३.२ घनमीटर हवा. रुंदी ४५ सेंमी. ठेवली तर खोली ७० सेंमी. येते. पण खालची ग्रॅनाइटची भुसभुशीत माती त्याच तासात पाणी पितेही. ताशी १०० मिमी मुरत असेल तर ०.४५ घनमीटर कमी झालं, खोली ४५ सेंमी.च्या आसपास पुरते. माती चिकण असेल तर हे विसरा, चर रुंद करा.

बिघडतं ते असं:

खडी न धुता टाकली. ट्रकमधल्या खडीला चिकटलेली पूड पहिल्याच पावसात तळाशी बसते आणि गाळणीचं झाकण होतं. पाऊण ते दीड इंची धुतलेली खडी मागा आणि मूठभर बादलीत ढवळून बघा. पाणी चहासारखं झालं तर परत पाठवा.

बाजूंना जिओटेक्स्टाइल (माती अडवून पाणी जाऊ देणारं कापड) लावलं नाही. शेजारची माती खडीत घुसते. कापड बाजूंना हवंच. तळाला लावण्याबद्दल मतभेद आहेत. माझं मत नको, तेच आधी बुजतं.

चराचा तळ भूजलाला टेकला. वसंतात बर्फ वितळताना भूजल वर येतं, आणि ऑगस्टमध्ये खणलेला कोरडा खड्डा मे महिन्यात विहीर होतो. सर्वोच्च पातळीपासून निदान फूटभर अंतर ठेवा.

गाडीरस्ता कच्चा ठेवून बाकी सगळं केलं. उतारावरचा कच्चा गाडीरस्ता हा घराचा सर्वांत मोठा गाळाचा कारखाना. तो फरसबंद करून खालच्या टोकाला आडवी जाळीची नाली आणि तिथून मुरणखड्डा. नालीतला गाळ वर्षातून दोनदा उपसायचा, एकदा बर्फ गेल्यावर आणि एकदा पानगळीनंतर.

---

सूचिपर्ण

खडीवाल्यांच्या पोस्टला जोड. पाइनच्या सुयांवरून नव्या मालकांचा हमखास गोंधळ होतो. मातीची धूप थांबवणारे सांगतात सुया जमिनीवर राहू द्या, पावसाचा मारा तुटतो. अग्निशमनवाले म्हणतात उचला, ठिणगीला जळण आहे. २००७ च्या अँगोरा वणव्यात २५४ घरं गेली, त्यानंतर हा वाद फार तापला होता.

तोडगा अंतरावर काढला आहे. घराच्या भिंतीपासून ५ फुटांपर्यंत जळण्याजोगं काहीच नको: सुया, सालीचा भुसा, सरपण, सगळं बाहेर. तिथे खडी पसरा, म्हणजे आगही अडते आणि पागोळ्यांचा माराही. त्यापलीकडे एक-दोन इंच सुया ठेवायला हरकत नाही, आणि गोळा करायच्या तर वसंतात एकदाच. शरद ऋतूत अंगण दाताळ्याने चकाचक केलं तर पहिल्या पावसाला उघडी माती मिळते. पानं उडवणारा ब्लोअर तर नकोच, तो सुयांबरोबर मातीही रस्त्यावर नेऊन ठेवतो.

---

नीरक्षीर

सगळा धागा गाळाचंच गाणं गातोय, म्हणून जरा वेगळा सूर.

१९६०च्या दशकात माशांना खाद्य म्हणून टाहोत मायसिस नावाची कोळंबीसारखी जात सोडली. दिवसा ती खोल अंधारात जाते, मासे वर राहतात, त्यामुळे माशांच्या तोंडी फारशी लागलीच नाही. रात्री वर येऊन तिने डॅफ्निया आणि बॉस्मिना हे प्राणिप्लवक फस्त केले. १९७१ पर्यंत ते जवळजवळ दिसेनासे झाले. आणि हेच प्लवक शैवाल आणि बारीक कण गाळून पाणी नितळ करत होते.

२०२१ च्या सुमारास मायसिसची संख्या आपोआप कोसळली. वर्षभरात डॅफ्निया परतले आणि २०२२ च्या शेवटच्या पाच महिन्यांची सरासरी २४.५ मीटर आली, ऐंशीच्या दशकातला आकडा. त्या पाच महिन्यांत कोणी जादूने रस्ते झाडले नव्हते.

---

गाळकरी

मान्य, आणि चांगला मुद्दा. पण पुढचं वाक्यही लिहा: २०२२-२३ च्या हिवाळ्यात प्रचंड बर्फ पडला, वितळताना गाळ आला आणि २०२३ ची सरासरी पुन्हा २०.८. प्लवक हे झाडूवाले आहेत. कचरा टाकणं थांबलं नाही तर झाडूवाले किती पुरणार? दुसरं, मायसिस परत वाढू शकते, तिच्यावर नियंत्रणाचा खात्रीचा मार्ग अजून हातात नाही. खडीचा चर हातात आहे.

---

वल्हं

बोट किंवा पॅडलबोर्ड नेणाऱ्यांसाठी. २००८ पासून मोटरबोटींना तपासणी सक्तीची आहे, क्वागा आणि झेब्रा या बाहेरून येऊन माजणाऱ्या शिंपल्यांच्या भीतीने. ऑक्टोबर २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाच्या डेल्टा भागात सोनेरी शिंपले सापडले, उत्तर अमेरिकेत पहिल्यांदाच. टाहोच्या पाण्यात कॅल्शियम कमी, लिटरला १० मिलिग्रॅमच्या आत, म्हणून काही लोक निर्धास्त होते. सोनेरी शिंपल्याला कमी कॅल्शियम चालतं. डेल्टात शनिवारी आणि टाहोत रविवारी, हा बे एरियातला नेहमीचा बेत आता सर्वांत धोक्याचा.

करायचं काय: साफ, निचरा, कोरडं. बोटीच्या तळातलं पाणी, जिवंत मासे ठेवायची टाकी, बॅलास्ट टाक्या, इंजिनाचा थंडावा देणारा मार्ग, सगळीकडचं पाणी आदल्या दिवशीच काढून टाका. तपासनीस स्पंज घेऊन कोपरे चाचपतात. गरम पाण्याने निर्जंतुकीकरणही होतं. पाणी ६० अंश सेल्सिअसचं लागतं आणि ते नोझलच्या तोंडाशी नाही, बोटीच्या पत्र्यावर. नोझलपासून हातभर अंतरावर तापमान बरंच उतरतं, तिथेच चूक होते. इंजिनात बाहेर पडणारं पाणी ६० झाल्यावर वेळ मोजायला सुरुवात करायची.

हाताने वल्हवायच्या बोटी मोकळ्या आहेत असं समजू नका. २०२३ मध्ये तलावात न्यूझीलंडची चिखलगोगलगाय सापडली. ती तांदळाच्या दाण्याएवढी असते आणि मासेमारीच्या बुटांच्या तळव्यातून प्रवास करते. लेसच्या छिद्रांतला चिखल ब्रशने काढा.

---

कुरणकाठ

पाऊस-नाल्यांवर लक्ष ठेवायचं काम स्थानिक स्वयंसेवक करतात, 'पाइप कीपर्स' या नावाने. वादळात तलावात उघडणाऱ्या पाइपांच्या तोंडाशी जाऊन नमुने घेतात आणि गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. आकडा वाढलेला दिसला की वरच्या बाजूला चालत जाऊन कारण शोधायचं: बांधकामाची उघडी माती, फुटलेली नाली, भरलेला गाळखड्डा.

नमुन्यातल्या नेहमीच्या चुका: बाटली पाइपच्या तळाला टेकवणं (तिथली वाळू येते आणि आकडा उगाच फुगतो), पाण्याने तीनदा न विसळणं, मोजण्याआधी जोरात हलवणं (बुडबुडे यंत्राला कणांसारखेच दिसतात, हळू उलटसुलट करा), आणि काचनळीवर बोटांचे ठसे. पहिल्या पंधरा-वीस मिनिटांचं पाणी सर्वांत गढूळ असतं. ते चुकलं तर त्या वादळाचा नमुना घेतला असं म्हणू नये.

---

रानवाट

आणि हे सगळं आपल्या तलावांना लावायचं तर? शहरातला उथळ तलाव, चारही बाजूंनी वस्ती, वर जलपर्णी. कणांची संख्या मोजू?

---

नीरक्षीर

नको. आधी मैला. टाहोने तो पन्नास वर्षांपूर्वी बाहेर काढला, म्हणून त्यांना आज कण मोजण्याची चैन परवडते.

आकडेमोड बघा. माणूस दिवसाला १ ते २ ग्रॅम फॉस्फरस सोडतो. पाच हजार वस्तीचा एक नाला तलावात उघडतो असं धरा, दीड ग्रॅमने दिवसाला साडेसात किलो. तलावात दहा लाख घनमीटर पाणी असेल तर लिटरला रोज ७.५ मायक्रोग्रॅमची भर. ३५ च्या वर तलाव अतिपोषित, म्हणजे शेवाळ माजण्याजोगा, मानतात. गाळात काही बसेल, काही वाहून जाईल हे सोडून दिलं, तरी आठवड्याभराचा प्रश्न आहे. म्हणून पावसाळ्यापूर्वी जलपर्णी काढायची कंत्राटं निघतात आणि दिवाळीपर्यंत ती परत येते. वनस्पती हे लक्षण, नाला हे कारण.

नाला वळवल्यावरही तलाव लगेच सुधारत नाही. वर्षानुवर्षांचा फॉस्फरस तळच्या गाळात लोहाला बांधलेला असतो. तळाशी ऑक्सिजन संपला की लोह विरघळतं आणि फॉस्फरस सुटतो. तेव्हा नाला आधी, गाळ नंतर. उलट केलंत तर उपसलेला गाळ पुन्हा भरायला दोन-तीन पावसाळे पुरतात. शोभेच्या दगडी काठाची घाई सर्वांत शेवटी, तीही झाली नाही तर उत्तम. काठावरची ओली वनस्पतीच येणारं पाणी गाळते.

---

घाटमाथा

मोजायला सुरुवात करायची तर सेक्की तबकडी कशी वापरायची? टाहोत तीच ना?

---

गाळकरी

तीच, पण तिथे २५ सेंटिमीटरची पूर्ण पांढरी वापरतात. आपल्याकडे २० सेंटिमीटरची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांची घ्या. ३ मिमी अॅक्रिलिक किंवा पत्रा, रंग मॅट (चकचकीत रंगात आकाशाचं प्रतिबिंब फसवतं), मधोमध कडीचा बोल्ट, खाली किलोभर वजन. नायलॉनची दोरी नको, ओली झाली की ताणते आणि आकडा कमी येतो. पॉलिएस्टरची घ्या, आणि खुणा दोरी भिजवून, वजन लावून करा, दर १० सेंटिमीटरला.

वेळ सकाळी १० ते दुपारी २. होडीच्या सावलीच्या बाजूने सोडा, गॉगल काढून. दिसेनाशी झाली ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसली ती खोली, दोन्हींची सरासरी. तबकडी तळाला टेकली आणि तरी दिसतेय, तर आकडा लिहू नका, 'तळ दिसतो' असं लिहा. जलपर्णीच्या गादीत भोक पाडून मोजलेलं धरू नये, सावलीने आकडा बिघडतो.

मीटरमधला आकडा कार्लसनच्या सूत्रात घाला, त्यातून तलाव किती पोषित त्याचा निर्देशांक निघतो: ६० मधून १४.४१ गुणिले त्या आकड्याचा नैसर्गिक लॉगॅरिदम वजा. अर्धा मीटर आला तर निर्देशांक ७०, दोन मीटरला ५०, टाहोच्या २०.८ ला १६. पण पावसाळ्यात मातीने गढूळ झालेल्या पाण्यात हा निर्देशांक शेवाळाबद्दल काहीच सांगत नाही, म्हणून नोंदीत पाण्याचा रंग लिहा: हिरवा, तपकिरी की राखी. दर पंधरा दिवसांनी, त्याच जागी. जागा काठावरच्या दोन पक्क्या खुणांच्या रेषेत ठेवा, नुसत्या मोबाइलच्या जीपीएसवर विसंबू नका.

---

रानवाट

पत्रा कापून आणलाय. काळा रंग ब्लॅकबोर्डचा चालेल?

---

गाळकरी

चालेल. दोन हात द्या आणि आठवडाभर वाळू द्या, नाहीतर पाण्यात सोलून निघतो. पांढऱ्यावर दरवर्षी नवा हात.